फ्रान्समधली प्रत्येक जुनी रेलकार 'मिशलिन' नसते

फ्रान्समध्ये रुळावर धावणारा कुठलाही जुना एकटा डिझेल डबा दिसला की लोक त्याला सरसकट 'मिशलिन' म्हणतात, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं की त्या सगळ्या रबरी टायरवरच धावायच्या. तसं नाहीये हो! बहुतेकांना साधी लोखंडी चाकंच होती. खरी मिशलिन म्हणजे टायरवाल्या मिशलिन कंपनीची, 1929 पासून ट्रायल घेतलेली, जिच्या चाकावर हवा भरलेला टायर आणि आतल्या बाजूला रुळ धरून ठेवायला लोखंडी कड. 1931 मध्ये ती पॅरिस ते दोव्हिल अशी ताशी 100 किमीच्या वर सरासरीने धावली, आवाज कमी, ब्रेक लगेच लागायचा.

मग टिकली का नाही? बघा, रुळाचा माथा जेमतेम 6-7 सेंमी, एवढ्याशा पट्टीवर टायर किती वजन घेणार, म्हणून गाडी हलकी ठेवायची आणि चाकं वाढवत न्यायची, प्रवासी मात्र थोडेच. शिवाय रबर वीज वाहत नाही, त्यामुळे ट्रॅक सर्किटच्या (दोन रुळांतली वीज चाकांमधून जोडली गेली की तिथे गाडी आहे असं ओळखणारी यंत्रणा) सिग्नलला गाडी 'दिसायची'च नाही. मला तर हीच अडचण सगळ्यात मोठी वाटते. मादागास्करमध्ये मात्र खऱ्या टायरवाल्या मिशलिन कितीतरी वर्षं चालल्या.