महाराष्ट्राच्या वाट्याला किती शोधनिबंध?

ग्रंथालय व माहितीशास्त्रातल्या संशोधनात महाराष्ट्र कितवा? वरवर पाहता काम सोपं: स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स ही शोधनिबंधांची परदेशी सूची उघडायची, विषय निवडायचा, लेखकांचे पत्ते पाहायचे, मोजायचं. पण घोडं पत्त्यांपाशीच अडतं. पत्त्यात राज्याचं नाव असतंच असं नाही, मग गाव आणि संस्थेवरून ओळख पटवावी लागते.

पुण्यातल्या विद्यापीठाचंच घ्या. जुन्या निबंधांवर 'युनिव्हर्सिटी ऑफ पूना', मग 'पुणे', 2014 नंतर सावित्रीबाई फुले यांचं नाव आणि वर त्याची नाना लघुरूपं. ही सगळी एका खात्यात जमा केली नाहीत, तर एकच विद्यापीठ यादीत तीन-चार ठिकाणी उगवतं. मराठवाड्यात भीती उलटी. 1994च्या नामविस्तारानंतर तिथल्या विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. लखनौच्या केंद्रीय विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे, आणि ग्रंथालयशास्त्राचा विभाग दोन्हीकडे. गाव न पाहता मोजलं, की उत्तर प्रदेशाचं श्रेय आपल्या पदरात.

पुढे वाटणी. समजा, एका निबंधाचे तीन लेखक: दोन पुण्याचे, एक धारवाडचा. पूर्ण मोजणीत महाराष्ट्राला 1 आणि कर्नाटकालाही 1. निबंध एक, बेरीज दोन! अंशमोजणीत महाराष्ट्राला दोन तृतीयांश, कर्नाटकाला एक तृतीयांश. राज्यांच्या तुलनेसाठी मला ही दुसरी रीतच रास्त वाटते. कोणती रीत वापरली हे न सांगता छापलेल्या क्रमवारीवर तर विश्वासच ठेवू नये.

विषयाची चौकटही सैल असते. वेब ऑफ सायन्सने या विषयाच्या वर्गात 'एमआयएस क्वार्टर्ली'सारखी, कंपन्यांच्या संगणक-व्यवस्थेवर लिहिणारी नियतकालिकंही घातली आहेत. त्यामुळे ग्रंथालयाशी काडीचा संबंध नसलेले व्यवस्थापनाचे प्राध्यापकसुद्धा राज्याचा आकडा फुगवतात.

आणि निसटतं ते वेगळंच. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, त्यातलं फारच थोडं या परदेशी सूचींत पोचतं. पीएचडीचे प्रबंध निदान 'शोधगंगा'वर सापडतात. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ते भांडार. म्हणून स्कोपसच्या आकड्याशेजारी शोधगंगेचा आकडा जरूर मांडावा. दोन्हींची बेरीज मात्र करू नये, कारण प्रबंधातलीच प्रकरणं पुष्कळदा निबंध म्हणून वेगळी छापलेली असतात.