गिटारच्या फिनिशिंगसाठी जुने लॅकर

हाताने बनवलेल्या गिटारवर डब्यात बराच काळ पडून राहिलेले लॅकर (द्रावक उडून वाळणारा पातळ लेप) किंवा लाखेचे पॉलिश चढवण्याची पद्धत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या हौशी गिटारकारांपुढे हा प्रश्न वारंवार येतो. एका गिटारला फारसे लॅकर लागत नाही. उरलेला डबा पुढच्या गिटारपर्यंत तसाच राहतो आणि मधे एखादा पावसाळा जातो.

पॉलिशवाले ज्याला नुसते ‘एनसी’ म्हणतात ते नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींच्या रंगकामातून पुढे आले. ड्युपाँट कंपनीचे ‘ड्युको’ जनरल मोटर्सच्या गाड्यांवर चढले आणि लवकरच मार्टिन, गिब्सन यांसारख्या गिटार कंपन्यांनीही नायट्रो लॅकर स्वीकारले. त्याआधी गिटारवर लाखेचे फ्रेंच पॉलिश असे; उत्तम क्लासिकल गिटारवर ते आजही हातानेच चढवतात. गिटारची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर जाड थर बसला की कंपने दबतात, म्हणून पातळ बसणारे हे दोन्ही लेप गिटारला मानवतात.

डबा जुना झाला की दोघांचे वागणे वेगळे. लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवल्यावर तिच्यातली आम्ले त्याच्याशी हळूहळू संयोग पावतात. असे पॉलिश दिसायला ठीक असते, पण लावल्यावर चिकट राहते आणि कधीच नीट कडक होत नाही. उष्ण हवेत ही क्रिया वेगाने होते, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी भिजवलेली लाख इथे संशयास्पदच समजावी. तिला वाचवण्याचा उपाय नाही. चपडा लाख (लाखेचे सुके पापुद्रे) कोरडी ठेवावी आणि लागेल तेवढीच भिजवावी. फार जुना चपडाही स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळत नाही, जेलीसारख्या गुठळ्या उरतात.

नायट्रो लॅकर अधिक टिकाऊ असते. झाकण सैल राहून केवळ द्रावक उडून गेल्याने ते दाट झाले असेल, तर चांगल्या थिनरने पुन्हा पातळ करता येते. मात्र नायट्रोसेल्युलोजचेच विघटन सुरू झाले असेल तर इलाज नाही. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, ओलाव्याशी मिळून आम्ल बनते आणि ते आम्ल विघटनाला आणखी गती देते. रेणूंच्या साखळ्या तुटल्याने लेप ठिसूळ होतो. आम्लाने पत्र्याचा डबा गंजला की लॅकरला तांबूस छटा येते. काहींना ही छटा ‘विंटेज’ वाटते. तो मोह टाळावा. जुन्या गिटारांवरची मधासारखी झाक लेप चढल्यानंतर वर्षानुवर्षे प्रकाशाने आलेली असते, सडलेल्या डब्यातून ती मिळत नाही. तशी छटा हवीच असेल तर ताज्या लॅकरमध्ये अंबर रंगद्रव्य मिसळणे बरे.

परीक्षा सोपी आहे. लॅकर बारीक कापडातून गाळून घ्यावे, थोडे काचेवर आणि थोडे त्याच लाकडाच्या तुकड्यावर मारावे. दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहावे. वण उठला किंवा बोट चिकटले तर डबा बाद. काचेवरचा पापुद्रा सोलताना भुगा झाला तरी बाद. डब्यावरच्या तारखेपेक्षा हा तुकडा जास्त खरे सांगतो.

लॅकर चांगले निघाले तरी खाडीकाठची हवा आडवी येते. ठाण्यात वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि लेप दुधाळ पांढरा पडतो. रिटार्डर मिसळल्याने द्रावक सावकाश उडतो व हा दोष कमी होतो, पण जून ते सप्टेंबर स्प्रे न करणेच शहाणपणाचे. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार उत्तम. कॉम्प्रेसरच्या नळीत साचणारे पाणी गाळणारा फिल्टर मात्र बारमाही हवा. नायट्रोचा नवा हात आधीच्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे पांढरा पडलेला भाग बऱ्याचदा नुसत्या थिनर-रिटार्डरच्या हलक्या फवाऱ्यानेही साफ होतो. मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या दुसऱ्या लेपांमध्ये ही सोय नाही. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे गिटार टांगून ठेवतात, मगच पाण्याचा पॉलिश पेपर आणि चकाकी आणणारे घासण्याचे कंपाउंड.

सोसायटीच्या गॅलरीत हे काम करू नये. नायट्रोसेल्युलोज हे स्फोटक गनकॉटनचेच सौम्य भावंड आहे: द्रावकाची वाफ एका ठिणगीने पेटते, वाळलेली फवाऱ्याची धूळही झपाट्याने जळते. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक भागात स्प्रे बूथ असलेले पॉलिशवाले शोधून काम तिथे करून घेणे सुरक्षित. बाद डबा गटारात ओतू नये. लॅकर लागलेली फडकी पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.