पाळीव जनावरांचे संवेदन

डोळे, कान, नाक, कातडी, स्नायू आणि सांधे यांच्यामार्फत जनावराला स्वतःच्या अंगाचे व भोवतालचे जे भान येते, त्याला संवेदन म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या माणदेशी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत, खिलार बैल आणि माडग्याळ मेंढी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जाते. तिथल्या माणसाला हे भान शब्दांत मांडता आले नाही तरी हाताला ठाऊक असते.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि बाहुली आडवी, लांबट असते. मान न वळवता त्याला सुमारे ३३० अंशांतले दिसते. शेपटीमागची अरुंद पट्टी आणि नाकाच्या अगदी पुढची जागा मात्र दिसत नाही. आवाज न देता मागून जाणाऱ्याला लाथ बसते ती यामुळेच. गोठ्यात शिरताना आधी हाक देऊन मग पाठीवर हात ठेवण्याची रीत शहाणपणाची आहे. दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा भाग लहान असल्याने खोलीचा अंदाज मान खाली घालून निरखल्यावरच येतो. ओढ्याच्या फरशीवर झाडाची काळी सावली पडली असेल तर ती खड्डा आहे की नुसती सावली, हे बैलाला चटकन ठरवता येत नाही, आणि गाडी तिथेच थांबते. अशा बैलाला अडेल ठरवून आसूड ओढणे हा त्याच्यावर अन्याय आहे. क्षणभर बघू दिले तर बहुधा तो आपणहून पाऊल टाकतो. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्याने तांबडा व हिरवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही. तांबड्या फडक्याला तो बुजतो ते फडफडण्यामुळे. डोळ्याच्या पडद्यामागचा चकाकणारा थर अंधारात मदतीला येतो; पहाटे कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाडीचा बैल म्हणूनच वाट चुकत नाही. समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांत गेला, तर मात्र त्याला सावरायला वेळ लागतो.

गाईबैलांना सुमारे २३ ते ३५,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. माणसाची वरची मर्यादा २०,००० आहे. आवाज कोणत्या दिशेने आला हे मात्र त्यांना माणसाइतके बारकाईने कळत नाही. शिट्टी, पत्र्याचा खणखणाट यांनी ती बावरतात आणि कान टवकारून चहूकडे बघत राहतात.

अंगाचे भान हे दृष्टीइतकेच महत्त्वाचे, पण त्याच्याकडे फार दुर्लक्ष झाले आहे. स्नायू व सांध्यांतील ताण टिपणारी ग्राहके आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग यांमुळे जुवाखाली मान असतानाही बैलाला आपले चारही पाय कुठे आहेत हे कळते. डावीकडे चालायला शिकलेला बैल उजवीकडे जुंपला की सुरुवातीला अडखळतो, कारण जुवाचा दाब आणि जोडीदाराचा अंगस्पर्श दोन्ही उलट बाजूंनी येतात. अंगावर माशी बसली की कातडीखालचा पातळ स्नायू तेवढ्याच जागी थरकतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूमार्फत होते. वेसण जिथून जाते तो नाकाचा भाग अतिशय हळवा असतो. कासऱ्याची नुसती हालचाल पुरते, झटका देण्याची गरज नसते.

शिंगाबद्दल मोठा गैरसमज आहे. बाहेरचे आवरण नखासारखे असते, त्याला वेदना नसते. आत मात्र जिवंत हाड, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. बेंदराला शिंगे साळून रंगवतात, तेव्हा फार खोल साळू नये ते यामुळे. लांब शिंगांच्या बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो. डोके एका बाजूला कलते ठेवणे, शिंग खांबाला घासणे, नाकपुडीतून रक्त येणे ही त्याची लक्षणे. बैलाला तिथे काही बोचते आहे हे यातून कळते. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरला ताबडतोब बोलवावे.

पान्हा हाही संवेदनाचाच प्रकार आहे. वासराच्या ढुशा, चाटणे व वास यांनी गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते आणि दूध उतरते. अनोळखी हात किंवा भीती आडवी आली की ती दूध चोरते. म्हशीला घर्मग्रंथी फार कमी असतात, म्हणून ऊन वाढले की ती पाणी शोधते. कोंबडीला अतिनील प्रकाशही दिसतो. मेंढीची स्मरणशक्ती चकित करणारी आहे: २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगांत मेंढ्यांनी ५० मेंढ्यांचे चेहरे सुमारे दोन वर्षे लक्षात ठेवले. धनगर आपल्या कळपातली प्रत्येक मेंढी ओळखतो, तशा मेंढ्याही एकमेकींना ओळखतात.

कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंप झाला. पाटण तालुक्यात आजही धक्के जाणवतात आणि जनावरांना ते आधी कळतात असे लोक सांगतात. भूकंपाच्या हलक्या प्राथमिक लहरी जोरदार लहरींच्या पुढे येतात. केंद्र जवळ असेल तर हे अंतर एखाद-दोन सेकंदांचेच असते. रवंथ करत जमिनीला अंग टेकलेल्या जनावराला ती पहिली थरथर माणसाआधी जाणवू शकते. कित्येक तास आधी चाहूल लागते, हे मात्र सिद्ध झालेले नाही.