सांगोड गॅलरीत कसा मांडणार?

डिसेंबर आला की पणजीत कुणीतरी हमखास म्हणतं, “गॅलरीबाहेरची कला गोव्यात सेरेंडिपिटी कला महोत्सवानं आणली.” तो महोत्सव २०१६ साली सुरू झाला, आदिलशाही राजवाडा, गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत अशा वास्तूंत कला मांडली गेली, हे खरंच. पण ‘आणली’ हे काही पटत नाही; जागेशीच बांधलेली कला इथे आधीपासून होतीच.

गोव्यातल्याच कुंभारजुवे गावचा सांगोड बघा. गणेशचवथीच्या सातव्या दिवशी दोन होड्या एकमेकींना बांधून वर मंच उभारतात आणि देखावे पाण्यातून फिरतात. बघणारे काठावर. खाडी वजा केली तर उरतात फळ्या आणि रंगवलेलं कापड.

कावी ही इथली भित्तिचित्रकला तर भिंतीपासून सोडवताच येत नाही. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल मातीच्या रंगाचा थर चढवायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्यारानं खरवडायचा. खालचा पांढरा उघडा पडतो नि वेलबुट्टी दिसू लागते. भिंत पाडली की चित्र गेलं. (जीर्णोद्धाराच्या उत्साहात वर टाइल्स बसवल्या, तरी तेच.)

तयार चित्र उचलून पडक्या बंगल्यात टांगलं की झाली गॅलरीबाहेरची कला, हाही गैरसमजच. अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चौकात वाकडी पोलादी भिंत उभारली. येण्याजाण्याला अडथळा होतो म्हणून ती दुसरीकडे न्यायचं निघालं, तेव्हा हलवणं म्हणजे मोडणंच, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. १९८९ मध्ये ती कापून काढली. नंतर कुठेच उभी राहिली नाही.