मिक्स ऑटोमेशन

मिक्स ऑटोमेशन : फेडर (पातळीची सरकपट्टी), पॅन (आवाज डावी-उजवीकडे नेणारे बटण), म्यूट (आवाज बंद), सेंड (आवाजाचा काही भाग इकोसारख्या परिणामाकडे पाठवणारे बटण) किंवा एखाद्या प्लगइनचे (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचे) बटण गाण्याच्या कोणत्या क्षणी किती हलवायचे, हे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवण्याची आणि दर वेळी ते जसेच्या तसे करून घेण्याची सोय. ही नोंद ट्रॅकवर (एका माइकच्या किंवा वाद्याच्या मुद्रणाच्या पट्टीवर) किंवा ट्रॅकखाली एका रेषेच्या रूपात दिसते. रेषेवरचे बिंदू माउसने ओढून ती हवी तशी वाकवता येते. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, रीपर, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ या सर्व सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. नावे आणि बटणांच्या जागा तेवढ्या वेगळ्या.

संगणक येण्यापूर्वी मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणे, हे हातांचे काम होते. टेप सुरू झाली की रेकॉर्डिस्ट, त्याचा साहाय्यक आणि कधी कधी वादकसुद्धा कन्सोलपाशी (फेडरांच्या मोठ्या मेजापाशी) उभे राहून ठरलेल्या जागी आपापले फेडर हलवत. एकाचा हात चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. 1977 साली नीव्ह या ब्रिटिश कंपनीने ‘नेकॅम’ ही प्रणाली आणली. तिच्यात फेडरला मोटर होती आणि संगणकाने लक्षात ठेवलेल्या हालचाली फेडर आपोआप करत. त्या काळी ती मोठ्या स्टुडिओंनाच परवडे. 1991 मध्ये प्रो टूल्स आले आणि पुढच्या दशकभरात हे सगळे काम पडद्यावर सरकले. आज नांदेड किंवा लातूरमधल्या एका खोलीच्या स्टुडिओतही ऑटोमेशन हाताशी असते. रीपरचा सवलतीतला परवाना 60 डॉलरचा आहे, आणि ऑटोमेशनच्या बाबतीत त्यात काही हातचे राखून ठेवलेले नाही.

मराठवाड्यात या सोयीची गरज जरा जास्तच भासते. कारण इथल्या स्टुडिओंत आणि मंडपांत मुद्रित होणारे बरेचसे संगीत क्लिकवर (ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर) बसवलेले नसते आणि त्याची पातळीही एका रेषेत चालत नाही. पैठणच्या एकनाथांचे भारूड एका ओळीत गायले जाते आणि दुसऱ्या ओळीत बोलले जाते. तुळजापूरच्या वाटेवरच्या गोंधळात कथा सांगता सांगता ‘उदो उदो’चा गजर उठतो. वारकरी भजन संथ लयीत सुरू होते आणि टाळ-मृदंगाच्या कल्लोळात संपते. असा आवाज कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या प्लगइनच्या) हवाली केला तर तो सगळेच सपाट करतो. शिवाय हळू बोललेल्या ओळींमागची पंख्याची नि कूलरची घरघर वर काढतो. एप्रिल-मे महिन्यांत कूलर बंद करून टेक घ्या म्हणणे सोपे आहे, गाणाऱ्याने ते ऐकायला हवे.

कामाचा क्रम. ऑटोमेशनमध्ये वेळ वाया जातो तो बहुधा ते लवकर सुरू केल्यामुळे. फेडरची एकही रेषा न काढता गाणे निदान ऐंशी टक्के बसले पाहिजे. फेडर एकदा ठरवा, पॅन ठरवा, ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारे प्लगइन) आणि कॉम्प्रेसर लावा आणि मगच ऑटोमेशनला हात घाला. ज्याच्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या तासाभरातच बिंदूंचे जाळे तयार होते, त्याला पुढे साधे ‘आवाज थोडा वाढवा’ एवढे करायलाही अर्धा तास लागतो. रेषा लिहिलेल्या ट्रॅकचा फेडर हाताने वर केला तरी वाजवताच तो जुन्या जागी परत येतो. नवशिके इथेच वैतागतात.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मुख्य फेडर मोकळा ठेवून प्लगइनच्या साखळीत सर्वांत शेवटी एक साधे गेन (नुसती पातळी कमी-जास्त करणारे) प्लगइन बसवणे आणि चढउतार त्यावर लिहिणे. मग फेडर एकूण पातळीसाठी कायम हाताशी राहतो. दुसरी म्हणजे ट्रिम. रीपरच्या ‘ट्रिम-रीड’ मोडमध्ये फेडर हलवला की लिहिलेल्या रेषेचा आकार न बदलता एकूण पातळी वर-खाली होते. व्हीसीए फेडर असेल तर तोही हेच काम करतो आणि एका वेळी अनेक ट्रॅकवर करतो. सहा झीलकरी सहा ट्रॅकवर असतील तर सहा रेषा काढत बसण्यात अर्थ नाही. त्यांचा एक ग्रुप करून ग्रुपचीच रेषा काढावी.

फेडरची जागासुद्धा महत्त्वाची. शून्य डेसिबलच्या आसपास फेडरच्या पट्ट्या दूरदूर असतात, खाली उणे 30-40 च्या सुमारास त्या दाटतात. तिथे माउस केसभर सरकला तरी दोन-तीन डेसिबलचा फरक पडतो. म्हणून ट्रॅकची पातळी आधीच गेनने अशी बसवावी की फेडर शून्याजवळ राहील.

क्लिप गेन आणि फेडर. या दोन्हींत गल्लत केली की कामाचा वेळ दुप्पट होतो. क्लिप गेन म्हणजे ट्रॅकवरच्या ध्वनीच्या एका तुकड्याची (क्लिपची) स्वतःची पातळी. तो प्लगइनच्या आधी लागू होतो, फेडर नंतर. एखादा शब्द ओरडून म्हटला गेला आणि कॉम्प्रेसर त्यावर झडप घालत असेल, तर फेडरची रेषा खाली आणून काही साधत नाही. चेपलेला शब्द नुसता हळू ऐकू येतो. तिथे क्लिप कापून तिचाच गेन उतरवावा. उलट शब्दाचा पोत चांगला आहे, पण वाद्यांच्या गर्दीत तो मागे पडतो, अशा वेळी फेडर. भारुडातल्या बोललेल्या आणि गायलेल्या ओळींत कधी कधी आठ-दहा डेसिबलचे अंतर असते. ते आधी क्लिप गेनने निम्म्यावर आणले की कॉम्प्रेसरला थोडेच काम उरते आणि ऑटोमेशनला त्याहून थोडे.

गाताना शेवटचे अक्षर गिळायची खोड अनेकांना असते. ओळ संपता संपता श्वास आणि आवाज दोन्ही उतरतात. मराठी ओळीत क्रियापद बहुधा तिथेच असते, त्यामुळे अर्थही तिथेच बुडतो. अशा अक्षरांना दीड-दोन डेसिबलचा टेकू पुरतो. एक डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो आणि आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात, हे माप डोक्यात असले की हात आपोआप आवरतो.

मोड. रीड मोड फक्त लिहिलेले वाजवतो. टचमध्ये फेडर धरलेला असेतोवर नोंद होते आणि सोडल्यावर फेडर जुन्या रेषेवर परततो. लॅचमध्ये सोडल्यावरही तो आहे तिथेच राहतो आणि वाजणे थांबेपर्यंत तीच पातळी लिहीत जातो. राइट मोड वाटेतले सगळे पुसत जातो. रोजच्या कामाला टच, अख्खा अंतरा वर-खाली करायला लॅच. राइट मोडची गरज क्वचितच पडते आणि तो चालू राहून गेला तर तासाभराचे काम एका फेरीत जाते. कंट्रोलर (हाताने हलवायच्या खऱ्या फेडरांचे यंत्र) नसेल, माउसच असेल, तर हालचाल नोंदवण्यापेक्षा बिंदू काढणे जास्त सोपे. माउसने नोंदवलेल्या रेषेत शेकडो अनावश्यक बिंदू पडतात. ते विरळ करायची आज्ञा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती लगेच वापरावी, कारण नंतर चार बिंदूंची रेषा सुधारणे सोपे, चारशेंची नाही.

एका कीर्तनाचे उदाहरण. हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनाचे मल्टिट्रॅक मुद्रण मिक्सिंगला आले असे धरू. कीर्तनकाराचा माइक, गायनाचार्यांचे दोन, मृदंगाचा एक किंवा दोन, हार्मोनियम आणि टाळकऱ्यांसमोर दोन. दोन तासांचे कीर्तन. तेवढ्या लांबीवर ओळीओळीला फेडर हलवणे कुणालाच परवडणार नाही. प्रथम एकदा सलग ऐकत मार्कर टाकावेत : अभंग, निरूपण, चाल, गजर. एवढ्याने निम्मे काम होते, कारण पातळी बदलायची ती बहुतेक याच सांध्यांवर.

निरूपण सुरू झाले की टाळांचे माइक म्यूट करायचा मोह होतो. तो टाळावा. टाळकरी त्या वेळी वाजवत नसले तरी त्यांच्या माइकमध्ये मंडप असतो : खोकला, हसू, मागच्या बायांची कुजबुज, लांबचा जनरेटर. म्यूट करताच मंडप नाहीसा होतो, महाराज रिकाम्या खोलीत बोलल्यासारखे वाटतात, आणि चाल सुरू होताच सगळा मंडप धाडकन परत येतो. त्यापेक्षा ते माइक आठ-दहा डेसिबल उतरवावेत, दोन-तीन सेकंदांच्या सावकाश उताराने. वर आणताना मात्र घाई हवी. मृदंगाचार्यांची थाप पडायच्या जरा आधी रेषा जागेवर आलेली असावी, नाहीतर पहिला ठेका बुडतो. लय वाढत जाते तसे टाळ आवाजावर चढू लागतात. तिथे टाळांचा ग्रुप लय बदलेल त्या प्रत्येक टप्प्यावर एक-दीड डेसिबलने खाली घेत गेले, तर ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचे कळत नाही आणि शब्द शेवटपर्यंत पोचतात. ‘विठ्ठल विठ्ठल’चा शेवटचा गजर मात्र सोडून द्यावा. तिथे शब्द कळण्यापेक्षा अंगावर येणे महत्त्वाचे.

सरकणारी रेषा. क्लिकशिवाय मुद्रित झालेल्या भजनावर नंतर कुणी टेम्पो मॅप (लयीच्या वेगाचा आराखडा) बसवला की ऑटोमेशन कधी कधी जागा सोडते. बिंदू वेळेला बांधलेले आहेत की मात्रांना, यावर ते अवलंबून असते. मात्रांना बांधलेले असतील तर टेम्पो बदलताच ते सरकतात, ऑडिओ मात्र जागच्या जागी राहतो. रीपरमध्ये हे टाइमबेसच्या सेटिंगमध्ये ठरते. असाच दुसरा घोळ अंतरा कापून पुढे नेताना होतो. ऑटोमेशन क्लिपबरोबर जावे की नाही, याचा पर्याय प्रो टूल्स, रीपर, एबलटन या सर्वांत आहे. काम सुरू करण्यापूर्वी तो एकदा पाहून घ्यावा. तीन अंतरे सारखेच असतील तर एका अंतऱ्याची रेषा नक्कल करून पुढच्या दोन्हींवर टाकता येते. रीपरमधले ऑटोमेशन आयटम आणि एफएल स्टुडिओतल्या ऑटोमेशन क्लिप यासाठीच आहेत.

इको आणि सेंड. ‘इको वाढवा’ ही आपल्याकडची सार्वत्रिक मागणी. मंडपातल्या माइकची सवय कानाला झालेली असल्याने गायकाला कोरडा आवाज उघडा वाटतो. परिणामी अनेक देवीगीतांत आणि लग्नाच्या गाण्यांत इको पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सुटलेला असतो आणि जलद म्हटलेले शब्द एकमेकांवर आदळतात. यावर उपाय सेंडच्या ऑटोमेशनचा. ओळभर सेंड बंद ठेवून फक्त शेवटच्या शब्दावर उघडावा आणि लगेच मिटावा. त्या शब्दाचे पडसाद पुढच्या मोकळ्या जागेत जातात आणि गायकाला हवा असलेला इकोही मिळतो. डिले (आवाज आणि त्याचा पडसाद यांतले अंतर) किती मिलिसेकंदांचा हवा, हे 60,000 ला टेम्पोने (मिनिटातल्या मात्रांनी) भागून कळते : 96 च्या टेम्पोला एका मात्रेचे 625. उघडझाप करायची ती सेंडची. डिलेच्या परतीच्या ट्रॅकची (ज्यावर पडसाद परत येतो त्याची) केली तर पडसाद मधेच कापले जातात. प्लगइन चालू-बंद करण्याचे ऑटोमेशनही जपूनच वापरावे, त्याने टकटक येऊ शकते.

प्रोजेक्ट दुसरीकडे देताना. मास्टरिंगसाठी (तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवण्यासाठी) किंवा आणखी वाद्ये भरण्यासाठी काम पुण्या-मुंबईला जाते तेव्हा तिथले सॉफ्टवेअर वेगळे निघण्याची शक्यता बरीच. एएएफ (एका सॉफ्टवेअरमधले प्रोजेक्ट दुसऱ्यात नेणाऱ्या) फाइलमधून आवाजाच्या पातळीची आणि पॅनची रेषा बऱ्यापैकी जाते, प्लगइनचे ऑटोमेशन जात नाही. त्यामुळे प्रत्येक ट्रॅक किंवा ग्रुप गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटापर्यंत वेव्ह फाइल म्हणून काढून द्यावा. एक संच ऑटोमेशनसह, दुसरा त्याशिवाय, आणि फोल्डरच्या नावातच कोणता कोणता ते लिहिलेले असावे.