ढोलीतील वटवाघळे आणि लाकडासाठी राखलेली वने

झाडांच्या ढोल्यांत, खोडांच्या भेगांत किंवा सुटलेल्या सालीखाली दिवसाचा मुक्काम करणाऱ्या वटवाघळांना वृक्षनिवासी वटवाघळे म्हणतात. नियमित तोड आणि विरळणी (दाटीतली काही झाडे काढून टाकणे) होणाऱ्या वनांत ती निवारा कसा निवडतात, याचा बारकाईने अभ्यास मध्य युरोपात झाला आहे. त्यातही बेखश्टाइनचे वटवाघूळ (मायोटिस बेक्श्टाइनी) ही जाती विशेष महत्त्वाची आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हाइनरिश कूल यांनी १८१७ मध्ये तिचे वर्णन केले आणि योहान माथेउस बेखश्टाइन (१७५७–१८२२) या जर्मन वनशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले. वनविद्येच्या शिक्षकाचे नाव धारण करणाऱ्या या जातीचे भवितव्य आज वनाधिकाऱ्याच्या कुऱ्हाडीवर अवलंबून आहे.

वजन जेमतेम दहा ग्रॅम, कान मात्र लांबलचक. पानांवर आणि जमिनीवर सरपटणाऱ्या किड्यांची सळसळ ऐकून हे वटवाघूळ त्यांना अलगद उचलते. उडणे संथ, पण दाट फांद्यांतून सहज वळणारे. जुन्या ओक आणि बीचच्या पानझडी वनात त्याला खाद्य आणि आसरा दोन्ही जवळजवळ मिळतात. माद्यांची शिकारीची जागा बहुधा मुक्कामापासून एक-दीड किलोमीटरच्या आतच असते. त्यामुळे एखादा तुकडा साफ तोडला गेला, तर उडून दूरच्या रानात जाणे हा त्यांच्यासाठी सोपा मार्ग नसतो.

निवारा बहुतेकदा सुतार पक्ष्याने सोडलेल्या ढोलीत असतो. ढोली ताजी असताना तिची पोकळी दारापासून खाली उतरते, कारण पक्ष्याला तळाशी अंडी ठेवायची असतात. वटवाघळाला हवी असते ती वरची पोकळी. पुढे बुरशीने लाकूड कुजत वर सरकले की दाराच्या वर घुमट तयार होतो, उबदार हवा तिथे अडते आणि माद्या तिथे लटकतात. म्हणजे पक्ष्याने कोरण्यापासून वटवाघूळ राहायला येईपर्यंत मध्ये बरीच वर्षे जातात. लाकडाच्या हिशेबात असे कुजके खोड 'खराब' ठरते आणि पहिल्याच विरळणीत जाते. माझ्या मते या वनांतले मूळ दुखणे हेच आहे.

एक चांगली ढोली राखली की काम झाले, असे मात्र नाही. उन्हाळ्यात दहा ते पन्नास माद्या एकत्र येऊन पिल्ले वाढवतात; नर एकेकटे राहतात. ही वसाहत दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवते, लहान गटांत फुटते आणि पुन्हा एकत्र येते. एका हंगामात पन्नासापर्यंत निवारे वापरले जाऊ शकतात. जर्मनीतील व्यूर्झबुर्ग शहराजवळच्या वनांत संशोधक गेराल्ड केर्थ आणि सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूण बसवून या हालचाली वर्षानुवर्षे नोंदवल्या. काळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेट्या टांगून केलेल्या प्रयोगात, प्रसूतीपूर्वी माद्या थंड पेट्या निवडतात आणि पिल्ले झाल्यावर उबदार, असे दिसले. म्हणजे एकाच वसाहतीला सावलीतलेही झाड लागते आणि उन्हातलेही. दुसऱ्या एका प्रयोगात नव्या पेट्यांची माहिती जाणत्या माद्यांकडून इतरांपर्यंत पोहोचते हे आढळले. मुक्काम बदलण्याचे आणखी एक कारण परजीवी माशी हे आहे. ती आपले कोश ढोलीच्या भिंतीला चिकटवते, आणि जागा काही काळ सोडली की नव्या माश्यांचा उपद्रव कमी होतो.

इतर जातींच्या गरजा वेगळ्या आहेत. बार्बास्टेल वटवाघूळ वठलेल्या झाडाच्या सुटलेल्या सालीमागे राहते. असा निवारा साल गळेपर्यंतच टिकतो, म्हणून वठलेली झाडे एकापाठोपाठ एक मिळत राहावी लागतात. नॉक्ट्यूल हे मोठे आणि वेगवान वटवाघूळ उघड्या आकाशात, वनाच्या वर शिकार करते. त्यामुळे भोवतीच्या दाटीपेक्षा त्याला ढोलीचीच चिंता अधिक.

स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची एकसुरी लागवड शंभराच्या आसपास वर्षांत तोडली जाते. ढोल्या तयार होण्याआधीच झाड आडवे होते. म्हणून जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या सरकारी वनांत २०१० पासून दर तीन हेक्टरमागे सुमारे पंधरा झाडांचा एक गट कायमचा उभा सोडण्याची पद्धत आहे. सुटे एखादे झाड राखण्यापेक्षा ही कल्पना वटवाघळांच्या फिरत्या राहणीला जास्त जुळते. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात बेखश्टाइनचे वटवाघूळ आणि बार्बास्टेल या दोन्ही जातींसाठी खास क्षेत्रे राखण्याची तरतूद आहे.

टांगलेल्या पेट्या तरुण वनांत उपयोगी पडतात, पण त्यांत रामगंगा (टिट) या छोट्या पक्ष्याच्या कुळातले पक्षी आणि गांधीलमाश्याही शिरतात आणि त्यांची देखभाल दरवर्षी करावी लागते. सालीमागच्या फटीची जागा त्या क्वचितच भरून काढतात.

तोडीचा हंगाम हाही प्रश्न आहे. युरोपात झाडे मुख्यतः हिवाळ्यात पाडतात, पक्ष्यांची घरटी तेव्हा रिकामी असतात. नॉक्ट्यूल मात्र त्याच दिवसांत जाड खोडाच्या पोकळीत गटाने गाढ शीतनिद्रेत असतात; करवत लागली तरी त्यांना जागे होऊन उडायला वेळ मिळत नाही. म्हणून ढोलीची झाडे तोडीच्या कितीतरी आधी हेरून खोडावर रंगाची खूण करून ठेवतात.