‘लिंचिंग’ गॉलवेचं नव्हे

आयर्लंडमधल्या गॉलवेत पर्यटकांना एक खिडकी दाखवतात. १४९३ साली महापौर जेम्स लिंचने खुनी ठरलेल्या स्वतःच्या मुलाला इथेच फाशी दिलं आणि त्यावरून ‘लिंचिंग’ शब्द आला, म्हणे!

कथा नीट ऐका. त्यात जमाव मुलाला वाचवायला धावतो आणि बाप कायद्यावर अडून बसतो. म्हणजे झुंडबळीच्या अगदी उलट! शब्द आला अमेरिकेतून. १७८० च्या सुमारास व्हर्जिनियात चार्ल्स लिंच इंग्रजधार्जिण्यांना कायद्याबाहेर शिक्षा देत असे, बहुधा फटक्यांची. काहीजण श्रेय तिथल्याच विल्यम लिंचला देतात.

आणि ती खिडकी? कवटी कोरलेल्या दगडावर साल आहे १६२४, तर स्मारक उभं राहिलं १८५४ मध्ये.